पोहणारी मेल मार्शल आणि शिकवणारी मेल मार्शल

मुग्धा

नमस्कार. हा धागा काढण्यामागे एक वैयक्तिक कारण आहे, ते आधी सांगते. मी शाळा-कॉलेजच्या काळात दहा वर्षे स्पर्धेसाठी पोहत होते. २०० मीटर फ्रीस्टाइल ही माझी शर्यत. राज्य पातळीपर्यंत गेले, राष्ट्रीय निवड दोनदा थोडक्यात हुकली आणि बाविसाव्या वर्षी पोहणे सुटले. आता चौतीस वर्षांची आहे. मुलीला ज्या तलावावर घेऊन जाते तिथल्या व्यवस्थापनाने सकाळची लहान मुलांची बॅच घ्याल का, असे विचारले आहे. हो म्हणण्याआधी, स्पर्धेतून शिकवण्याकडे वळलेल्या लोकांविषयी मिळेल ते वाचत सुटले आणि ब्रिटनची माजी जलतरणपटू आणि आताची प्रशिक्षक मेल मार्शल हिच्यापाशी येऊन थांबले.

तिची शर्यतही २०० मीटर फ्रीस्टाइलच. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला ती गेली तेव्हा त्या वर्षीच्या जागतिक क्रमवारीत ती पहिली होती. तिथे मात्र तिला अंतिम फेरीही गाठता आली नाही. सुवर्णपदक रोमानियाच्या कॅमेलिया पोटेकने १ मिनिट ५८.०३ सेकंदांत जिंकले, आणि मार्शलने त्याच वर्षी त्याहून कमी वेळ दिलेली होती. पुढे २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सहा पदके मिळवली, २००८ ला बीजिंगलाही गेली आणि तिथून परतल्यावर स्पर्धा सोडून डर्बी शहराच्या क्लबमध्ये शिकवू लागली. त्याच क्लबमध्ये चौदा वर्षांचा अ‍ॅडम पीटी आला. २०१६ मध्ये रिओला त्याने १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखे हातपाय मारत पोहण्याचा प्रकार) ५७.१३ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला, तेव्हा मार्शलला स्पर्धा सोडून आठच वर्षे झाली होती.

माझा प्रश्न असा आहे, की स्वतःच्या पोहण्यात जे हुकले ते शिकवताना उपयोगी पडते की आड येते? ज्यांनी शिकवले आहे आणि जे शिकले आहेत त्यांनी, दोघांनीही, लिहावे.

चौथी_लेन

उत्तम विषय. वाचत आहे. घ्याच बॅच.

शंकासुर

मुग्धाताई, तुमचा प्रश्न आवडला, पण उदाहरणाविषयी शंका आहे. हरलेल्या खेळाडूने पुढे विजेता घडवला ही गोष्ट ऐकायला गोड लागते, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचते. अथेन्समध्ये अंतिम फेरी हुकलेले कितीतरी जण होते. त्यांतल्या ज्यांनी पुढे शिकवले आणि ज्यांच्या हातून एकही विजेता घडला नाही, त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. शिवाय मायकेल फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन विद्यापीठासाठी पोहले, ऑलिम्पिकला पोहणारा म्हणून कधीच गेले नाहीत. त्यामुळे प्रशिक्षक आधी मोठा जलतरणपटू असणे, किंवा मोठ्या पराभवातून गेलेला असणे, यांपैकी काहीच आवश्यक दिसत नाही. मार्शलला पीटी सापडला, एवढेच आपल्याला खात्रीने म्हणता येते.

डर्बीकर

मी अकरा वर्षे डर्बीत राहतो, माझी दोन्ही मुले इथे पोहायला जातात, म्हणून शंकासुर यांच्या "सापडला" या शब्दाविषयी थोडे लिहितो.

पीटी हा इथून तीसेक किलोमीटरवरच्या अटॉक्सिटर या लहान गावचा. लहानपणी त्याला पाण्याची भीती वाटत असे, आंघोळीच्या टबात उतरायलाही तो तयार नसे. डर्बीच्या क्लबात आला तेव्हा त्याच्या फ्रीस्टाइलमध्ये कोणाचे लक्ष जावे असे काही नव्हते. मार्शलने त्याला ब्रेस्टस्ट्रोक पोहायला लावले आणि तिथे तिला काहीतरी दिसले. ते दिसणे हीच माझ्या मते पहिली कामगिरी. त्याच्या आईने वर्षानुवर्षे पहाटे चारला उठून त्याला गाडीने इथे आणले हे इथल्या प्रत्येक पालकाला माहीत आहे, कारण हिवाळ्यात पहाटे गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना आम्ही एकमेकांना तेच सांगतो.

आणखी एक गोष्ट भारतातल्या वाचकांना माहीत असावी. त्या काळी डर्बी शहरात पन्नास मीटरचा तलाव नव्हता. पुढे जगात सर्वात वेगवान ठरलेला ब्रेस्टस्ट्रोक लहान तलावांत, क्लबला मिळतील त्या तासांत, शेजारच्या लेनमध्ये लहान मुले पोहत असताना घडला. क्लबची पद्धतही घरगुती. पालकच स्टॉपवॉच घेऊन उभे राहतात, स्पर्धेच्या दिवशी चहाची जबाबदारीही पालकांचीच. जिची नावनिशाणी ऑलिम्पिकच्या फलकावर लागली होती, ती बाई अशा ठिकाणी येऊन नऊ-दहा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करते, याला मी नशीब म्हणणार नाही.

पंचगंगा

कोल्हापूरहून नमस्कार. आम्ही पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकलो. काका वरून ढकलून द्यायचे आणि आपण हातपाय मारत काठाला लागायचो. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही ही म्हण आमच्याकडे अक्षरशः पाळली जाते. काकांना शिकवण्याचे एकच वाक्य येत होते, "मार हात." स्वतः ते पुराच्या पाण्यात पंचगंगा पार करत. उत्तम पोहणारा उत्तम शिकवतोच असे नाही, याचा इतका जवळचा दाखला माझ्याकडे आहे, आणि तरीही पाण्याची भीती माझ्या मनातून कायमची गेली ती त्यांच्यामुळेच.

जुनी_शिट्टी

मी मुंबईत बत्तीस वर्षे जलतरण शिकवले, आता निवृत्त आहे. पंचगंगा यांच्या काकांवर माझा राग नाही, कारण माझी पहिली पाच वर्षे मीही साधारण तेच केले.

पोहणाऱ्याला पाणी हाताला लागते. तळवा किती तिरका केला की पकड बसते हे त्याच्या अंगाला कळते, त्याला ते शब्दांत मांडावे लागत नाही. शिकवायला उभा राहिला की पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात येते, की आपल्याला जे येते ते आपल्याला सांगता येत नाही. एक साधे उदाहरण देतो. फ्रीस्टाइलमध्ये श्वास घेताना मूल डोके पाण्याबाहेर उचलते, डोके वर गेले की कंबर आणि पाय खाली जातात आणि सगळा वेग मरतो. मी कित्येक वर्षे ओरडत होतो, "डोके उचलू नकोस!" मूल बिचारे आणखी घाबरायचे आणि आणखी उचलायचे. मग एका मुलीला सहज म्हणालो, "श्वास घेताना एक गॉगल पाण्यात राहू दे." दोन लॅपमध्ये तिचे शरीर सपाट झाले. मी स्वतः पोहत असताना हे वाक्य मला कोणी सांगितले नव्हते, कारण मला त्याची गरज पडली नव्हती. ज्याला ती गोष्ट सहज जमली त्याला तिची चावी ठाऊक नसते.

आता मार्शलविषयी. अथेन्समध्ये तिचे काय झाले याचे अंतर्बाह्य उत्तर तिलाच ठाऊक, पण प्रशिक्षक म्हणून मी त्या आकड्यांकडे पाहतो तेव्हा मला वेळापत्रक दिसते. निवड चाचणी वसंतात, ऑलिम्पिक ऑगस्टमध्ये. चाचणीसाठी शरीर शिखरावर न्यायचे, मग पुन्हा मेहनतीत ढकलायचे आणि चार महिन्यांनी पुन्हा त्याच शिखरावर, किंबहुना थोडे वर, आणायचे. स्पर्धेपूर्वी सराव कमी करत नेण्याला आम्ही टेपर म्हणतो. तो आठवडाभर लवकर किंवा उशिरा सुरू झाला तरी २०० मीटरमध्ये दीड सेकंद सहज जातो. अनेक चांगले जलतरणपटू चाचणीत आपली सर्वोत्तम वेळ देऊन बसतात आणि मोठ्या तलावात त्यांना ती परत सापडत नाही.

आता पीटीच्या वेळा पाहा. २०१४ मध्ये ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने लंडन ऑलिम्पिकच्या विजेत्याला, कॅमेरॉन व्हॅन डर बर्गला, मागे टाकले. २०१५ च्या एप्रिलमध्ये ५७.९२ सेकंद देऊन १०० मीटर ब्रेस्ट ५८ सेकंदांच्या आत पोहणारा तो जगातला पहिला ठरला. तरी रिओला प्राथमिक फेरीत ५७.५५ आणि अंतिम फेरीत ५७.१३. म्हणजे चाचणीच्या वर्षातही सर्वोत्तम वेळ तो ऑलिम्पिकच्या तलावातच देत होता. ज्या जागी मार्शल स्वतः घसरली होती, नेमकी तीच जागा तिने शिष्यासाठी पक्की करून ठेवली, असे मला यातून दिसते. मुग्धाताई, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की हुकलेले उपयोगी पडते, पण ते का हुकले याचा शोध घेतला तरच.

नीलांबरी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शंकासुर यांची बाजू थोडी उचलते. पीटीचे घोटे आणि गुडघे विलक्षण लवचिक आहेत, आणि ब्रेस्टस्ट्रोकच्या किकमध्ये पाऊल बाहेर वळवून पाणी मागे ढकलायचे असल्यामुळे त्याचा थेट फायदा होतो. ही देणगी प्रशिक्षकाने दिलेली नाही.

मात्र त्या देणगीचे काय करायचे हा निर्णय प्रशिक्षकाचा होता. चारही प्रकारांत ब्रेस्टस्ट्रोक सर्वात मंद, कारण हात पुढे नेताना आणि पाय जवळ ओढताना शरीर स्वतःच पाण्याला अडथळा होते आणि प्रत्येक आवर्तनात वेग पडतो. म्हणून पूर्वापार शिकवण अशी होती, की किकनंतर लांब घसरा, थांबा, मग पुढचा हात. पीटी त्या मानाने फार कमी थांबतो. त्याची लय इतकी जलद आहे की वेग पडायला वेळच मिळत नाही. अशी लय शंभर मीटर टिकवायची तर खांदे, पाठ आणि मांड्या यांत प्रचंड ताकद हवी. पुस्तकातले बरोबर काय हे बाजूला ठेवून या मुलाच्या शरीराला काय बरोबर आहे ते ओळखायचे आणि त्यासाठी जमिनीवरच्या व्यायामाची वर्षे घालायची, हे धाडस प्रशिक्षकाला करावे लागते.

शंकासुर

जुनी_शिट्टी आणि नीलांबरी, दोघांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. पण माझा मूळ मुद्दा उरतोच. एका शिष्यावरून प्रशिक्षकाची पारख होते का? पीटी वगळला तर काय राहते?

डर्बीकर

पीटी वगळून सांगतो. रिओनंतर मार्शल लफबरो विद्यापीठातल्या राष्ट्रीय केंद्रात गेली, पीटीही तिच्यामागे गेला. तिथे तिच्या हाताखाली ल्यूक ग्रीनबँक होता, ज्याने टोकियोला २०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये कांस्यपदक मिळवले. अ‍ॅना हॉपकिन ही फ्रीस्टाइलची मुलगी अमेरिकेतल्या विद्यापीठातून परतल्यावर तिच्याकडेच आली.

टोकियोची मिश्र मेडले रिले (दोन पुरुष आणि दोन स्त्रिया, प्रत्येकाचा पोहण्याचा प्रकार वेगळा) ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल. शेवटचा टप्पा फ्रीस्टाइलचा. ब्रिटनकडून हॉपकिन पाण्यात उतरली आणि तिच्या मागून अमेरिकेचा केलेब ड्रेसेल येत होता, त्या वेळचा जगातला सर्वात वेगवान पुरुष. आम्ही घरात सगळे उभे होतो. हॉपकिनने आघाडी सोडली नाही आणि ब्रिटनने ३ मिनिटे ३७.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्या चौघांत दोघे मार्शलचे होते, पीटी आणि हॉपकिन. आणि हॉपकिनचा प्रकार फ्रीस्टाइल, म्हणजे जिथे मार्शलचे स्वतःचे स्वप्न अपुरे राहिले होते तोच.

शंकासुर

हे मला माहीत नव्हते. माझा मुद्दा निम्मा मागे घेतो.

चौथी_लेन

निम्मा म्हणजे पंचवीस मीटरच्या तलावातला एक लॅप. उरलेला निम्मा जुनी_शिट्टी काका वळवून आणतील!

बकुळ

मी कोलकात्यात राहणारी मराठी. आपल्याकडचेही एक फार मोठे उदाहरण या धाग्यावर यायला हवे, ते म्हणजे सचिन नाग.

जन्म १९२० चा, वाराणसीचा, गंगेत पोहत वाढलेला माणूस. असे सांगतात, की सत्याग्रहाच्या काळात पोलिसांच्या लाठीमारातून सुटण्यासाठी त्यांनी नदीत उडी घेतली, तिथे दहा किलोमीटरची शर्यत चालू होती आणि तिच्यात ते तिसरे आले. लंडनच्या १९४८ च्या ऑलिम्पिकआधी त्यांच्या पायाला गोळी लागली होती, तरी ते गेले, १०० मीटर फ्रीस्टाइलही पोहले आणि वॉटर पोलोही खेळले. भारताने त्या वेळी चिलीला हरवले, त्यातले चार गोल त्यांचे. १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी १०० मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट ४.७ सेकंदांत जिंकली. आशियाई स्पर्धांच्या इतिहासातले भारताचे ते पहिले सुवर्णपदक, आणि पोहण्याच्या शर्यतीत भारताला त्यानंतर आजवर दुसरे सुवर्ण मिळालेले नाही.

माझ्या दृष्टीने त्यांची दुसरी कामगिरी तितकीच मोठी आहे. कोलकात्याच्या हाटखोला क्लबमध्ये चार-पाच वर्षांची एक मुलगी पोहताना त्यांनी पाहिली आणि तिला हाताखाली घेतले. ती आरती साहा. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला ती २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकसाठी गेली तेव्हा अकरा वर्षांची होती. त्या पथकात चारच मुली होत्या, आणि त्यांतल्या दोघी, डॉली नझीर आणि धावपटू मेरी डिसूझा, मुंबईच्या. सचिन नागही त्याच हेलसिंकीत वॉटर पोलोच्या संघात होते. म्हणजे गुरू आणि शिष्या एकाच ऑलिम्पिकमध्ये, दोघेही खेळाडू म्हणून. स्पर्धा संपली आणि मग शिकवणे सुरू झाले, अशी सरळ रेषा त्यांच्या आयुष्यात नव्हतीच.

आरतीने २७ ऑगस्ट १९५९ ला इंग्लिश खाडी पोहण्याचा पहिला प्रयत्न केला, तेव्हा किनारा काही मैलांवर राहिला असताना तिला थांबावे लागले. २९ सप्टेंबरला ती पुन्हा पाण्यात उतरली आणि १६ तास २० मिनिटांत पार गेली. खाडी पोहणारी ती पहिली आशियाई स्त्री. दोन प्रयत्नांत पाच आठवडेही नव्हते. मुग्धाताई, तुमच्या "हुकलेले" या शब्दावरून मला हे आठवले.

सचिन नाग १९८७ मध्ये गेले. ध्यानचंद पुरस्कार त्यांना २०२० मध्ये मिळाला, मरणोत्तर. हे लिहिताना आजही वाईट वाटते.

जुनी_शिट्टी

बकुळताई, मनापासून आभार. आमच्या पिढीत आरती साहाचे नाव घरोघरी होते, पण तिला पाण्यात पहिल्यांदा कोणी हेरले हे विचारले तर दहांतले नऊ जण गप्प बसतील.

मांडवीतीर

शिकवण्याकडे आपल्याकडचे किती जण वळतात हाही विचार व्हावा. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी मी पणजीला कांपालच्या तलावावर होतो. वीरधवल खाडेने ५० मीटर फ्रीस्टाइल जिंकून तिथेच स्पर्धेचा निरोप घेतला. त्याच दिवशी त्याची पत्नी ऋजुता हिनेही महिलांची ५० मीटर फ्रीस्टाइल जिंकली. प्रेक्षकांत कोल्हापूरची माणसे होती, त्यांचे डोळे भरले होते, माझेही भरले.

हा मुलगा सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला गेला, २०१० मध्ये ग्वांगझूला ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक घेऊन आला, आणि खजान सिंग यांच्या १९८६ च्या रौप्यानंतर तब्बल चोवीस वर्षांनी भारताला पोहण्यात आशियाई पदक मिळाले. मग तो तहसीलदार झाला. २०१८ मध्ये जाकार्ताला पुन्हा उतरला तेव्हा ५० मीटरमध्ये कांस्यपदक एका शतांश सेकंदाने गेले. त्याच्या निर्णयात मला काहीही वावगे दिसत नाही. पण जलतरणपटूला स्थिर आयुष्य हवे असेल तर त्याला काठावरून कार्यालयात जावे लागते, तलावावर राहून ते मिळत नाही, ही आपल्याकडची परिस्थिती आहे.

पंचगंगा

वीरधवलचा विषय निघाला म्हणून सांगतो, त्याला घडवणारे बंगळुरूचे निहार अमीन हेही आधी पोहणारेच. आणि त्याच शहरात निशा मिलेट आहे, लहानपणी बुडता बुडता वाचलेली, पुढे सिडनी ऑलिम्पिकला २०० मीटर फ्रीस्टाइल पोहलेली आणि आता स्वतःची अकादमी चालवणारी. मुग्धाताई, तुमचीच शर्यत. कोल्हापूरच्या मुलाला बंगळुरूला का जावे लागले, याचे उत्तर मांडवीतीर यांच्या शेवटच्या वाक्यात आहे.

अनामिका_ठाणे

एक कटू अनुभव लिहिते, नाव कोणाचेही घेणार नाही. माझ्या मुलाचे प्रशिक्षक राष्ट्रीय पदकविजेते होते. दर सरावाला ते स्वतःच्या त्या वयातल्या वेळा सांगत. "मी तुझ्या वयाचा असताना ५० मीटर इतक्यात करत होतो." मुलगा दोन वर्षे त्या आकड्यांच्या मागे धावला आणि तेराव्या वर्षी एके दिवशी त्याने गॉगल कपाटात ठेवला. आज तो सोळा वर्षांचा आहे, समुद्रावर गेलो तरी पाण्यात उतरत नाही. मुग्धाताई, हुकलेले आड येते का, तर हो, येते. आपले अपुरे राहिलेले काम मुलांकडून पूर्ण करून घेण्याची इच्छा ज्याच्या मनात असते, त्याला मुलाचा थकवा दिसत नाही. तुम्ही बॅच घेण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारत आहात, म्हणून तुमच्याविषयी मला भरवसा वाटतो.

डर्बीकर

अनामिकाताई, वाचून फार वाईट वाटले. मार्शलच्या कहाणीचा शेवटचा टप्पा मी लिहिणार नव्हतो, पण तुमच्या अनुभवानंतर लिहावासा वाटतो.

२०१९ मध्ये पीटीने ५६.८८ चा विक्रम केला, टोकियोला ५७.३७ मध्ये विजेतेपद राखले. ऑलिम्पिक विजेतेपद राखणारा तो पहिला ब्रिटिश जलतरणपटू. मग सगळे उलटले. २०२२ मध्ये पायाचे हाड मोडले, बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तो आपल्या मुख्य शर्यतीत चौथा आला. २०२३ मध्ये त्याने मानसिक आरोग्याचे कारण देऊन राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतून माघार घेतली, आणि नैराश्य व दारू यांविषयी तो पुढे उघडपणे बोलला. त्या काळात मार्शलने त्याला पाण्यात ढकलले नाही. तो परत आला आणि २०२४ मध्ये पॅरिसला पोहला. इटलीच्या मार्टिनेंगीला ५९.०३, पीटीला ५९.०५. दोन शतांश सेकंदांनी सुवर्ण गेले, रौप्यही अमेरिकेच्या निक फिंकबरोबर वाटून मिळाले.

अथेन्समध्ये जगात पहिली असताना अंतिम फेरी न गाठलेल्या बाईला त्या रात्री काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. पीटी रडत होता आणि तरीही हसून, आपण हरलो असे वाटत नाही, अशा अर्थाचे बोलत होता. असे बोलता येणारा माणूस चौदाव्या वर्षापासून कोणाच्या सहवासात वाढला, हे मला महत्त्वाचे वाटते. पॅरिसनंतर मार्शल ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात शिकवायला गेली. ब्रिटनचे फार मोठे नुकसान झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

नीलांबरी

आणखी एक बाब आतापर्यंत कोणी लिहिली नाही. या पातळीवर स्त्री प्रशिक्षक फारच थोड्या आहेत. आपल्या तलावांवर पाहा, लहान मुलांच्या आणि बायकांच्या बॅचला ताई असतात, स्पर्धेच्या बॅचला सर. मुग्धाताई, तुम्हालाही "लहान मुलांची बॅच" विचारण्यात आली, हे माझ्या लक्षात आले. ती जरूर घ्या, पण तिथेच थांबू नका.

शंकासुर

उरलेला निम्माही मागे घेतो, पण एका अटीवर. पोहण्याचा अनुभव हा कच्चा माल मानावा. तो असला म्हणजे शिकवण्याचे शिक्षण नको, असे मुग्धाताईंनी समजू नये. इंडियाना विद्यापीठाचे जेम्स काउन्सिलमन, ज्यांच्याकडे ऑलिम्पिक विजेता मार्क स्पिट्झ शिकला, ते स्वतः पोहणारे होते, पण त्यांनी पाण्याखाली चित्रीकरण करून हात नेमके कसे फिरतात याचा अभ्यास केला. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९७९ मध्ये, इंग्लिश खाडी पोहून दाखवली. शिकवायला लागल्यावर पोहणे सोडायचे नसते, हेही त्यांच्याकडून घ्यावे.

जुनी_शिट्टी

शंकासुर यांच्याशी पूर्ण सहमत. मुग्धाताई, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो, वर्षभराची पदविका नंतर करता येईल. जीवरक्षणाचे प्रशिक्षण मात्र पहिल्या बॅचआधी घ्या, यात तडजोड नको.

आणि एक कामाची सूचना. ब्रेस्टची किक पाण्यात शिकवू नका. मुलाला काठावर बसवा, पाय पाण्यात सोडायला सांगा, तुम्ही पाण्यात उभ्या राहा, त्याचे पाऊल हातात धरून बाहेर वळवा आणि तुमच्या तळव्यावर ढकलायला सांगा. ज्या दिवशी तुमच्या तळव्याला दोन्ही पायांचा सारखा जोर लागेल, त्या दिवशी मूल तयार झाले. त्याआधी शंभर लॅप मारून घेतले तरी व्यर्थ.

मुग्धा

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोन-दोनदा वाचला. अनामिकाताईंचा तर लिहूनच ठेवला आहे.

जुनी_शिट्टी काका, तुम्ही म्हणालात की का हुकले याचा शोध घ्यायला हवा. काल रात्री आईच्या घरून माझी जुनी सरावाची वही आणली. दुसऱ्या निवड चाचणीच्या आधीचे तीन आठवडे उघडून बसले. भीतीपोटी मी शेवटच्या आठवड्यातही सराव कमी केला नव्हता, उलट सरांना न सांगता संध्याकाळी जास्तीचे लॅप मारत होते. बारा वर्षे मी असे समजत होते, की माझ्यात जिद्द कमी पडली. वहीत तर उलटेच लिहिलेले आहे.

व्यवस्थापनाला होकार कळवला. जीवरक्षणाचा वर्ग शनिवारपासून आहे, तो पूर्ण झाला की बॅच सुरू. अकरा मुले आहेत, सर्वात लहान सात वर्षांचा, आणि त्याच्या आईने आधीच सांगून ठेवले आहे, की त्याला चेहरा पाण्यात घालायची भीती वाटते. काका, यावर काही चावी असेल तर कृपया लिहा.

जुनी_शिट्टी

आहे. पहिल्या दिवशी त्याला पाण्यात उतरवूच नका. मगमध्ये पाणी घेऊन त्याला तुमच्या डोक्यावर ओतायला सांगा. पाच वेळा त्याने ओतले, की सहाव्या वेळी तो स्वतःच मग मागून घेईल. बाकीचे फोनवर बोलू, क्रमांक निरोपातून पाठवा.

पंचगंगा

काकांच्या विहिरीपेक्षा हे फार बरे!